सेन्योर शिफ्रोंचं रेक्विएम

एउदाल्द सार्केयाचं संगीत ऐकून माणसं रडत, आणि रडवणारा म्हणूनच त्याचं नाव बार्सिलोनापर्यंत गेलं होतं. त्याची ‘शोकमातेची प्रार्थना’ पहिल्यांदा झाली तेव्हा बायकांचे रुमाल तर भिजलेच, पण दाराशी तिकिटं फाडणारा माणूससुद्धा भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता म्हणे. तेव्हापासून कॅटलोनियात कोणी मोठा माणूस गेला की त्याच्या सुरेदा गावी तार यायची. एउदाल्द तार वाचायचा, बाही वर सारायचा आणि कामाला लागायचा. त्याला स्वतःला रडू कधी येत नसे. सुतार शवपेटी करतो तेव्हा रडत थोडाच बसतो.

वय त्रेपन्न. लग्न केलेलं नाही. थोरली बहीण तेक्ला घर सांभाळायची, सकाळी कॉफी आणि संध्याकाळी सूप वेळेवर समोर ठेवायची, आणि त्याने वाजवलेली नवी धून दाराआडून ऐकून ‘ठीक आहे’ किंवा ‘फार लांबलं’ एवढंच सांगायची. तिचं मत सहसा चुकत नसे. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग फेब्रुवारीत, उत्तरेचा त्रामुंताना वारा गावाची कौलं उचकटत असताना, बाल्दिरी शिफ्रोचं बोलावणं आलं.

सुरेदा हे बुचाचं गाव. चहूकडच्या डोंगरांवर बुचाची झाडं, मधोमध शिफ्रोचा कारखाना. अर्धं गाव तिथे बुचं कापायला, उरलेलं निवडायला. म्हातारा शिफ्रो एकोणऐंशीचा झाला होता. बायको केव्हाच गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि आता हृदयाने दगा द्यायला सुरुवात केली होती. कारखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या कचेरीत तो गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसला होता.

“बस. डॉक्टर म्हणतो, मी उन्हाळा काही बघत नाही,” तो म्हणाला. “मला रेक्विएम पाहिजे. मेलेल्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना होते, त्या मिस्सेत लागतं ते सगळं संगीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“सेन्योर शिफ्रो, असं बोलू नका...”

“मध्ये बोलू नकोस. आणि ते मला मरायच्या आधी पाहिजे. उभ्या आयुष्यात बुचाच्या सालीची एक गंजी मी हाताने दाबून बघितल्याशिवाय घेतलेली नाही. हे तरी न ऐकता कसं घेऊ? पसंत पडलं की मग निवांत मरेन.”

एउदाल्द काहीतरी गंभीर बोलणार होता. पण खालच्या मजल्यावरून एका बाईचा आवाज येऊ लागला आणि त्याची जीभ जागच्या जागी थांबली.

बुचाच्या कारखान्यात हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे. म्हणून मंडळी आपापसांत वर्गणी काढून एक वाचणारा ठेवतात. उंच स्टुलावर बसून तो दिवसभर वर्तमानपत्र, कादंबऱ्या, काय हाताला लागेल ते मोठ्याने वाचतो. सुरेदाचा जुना वाचणारा त्या हिवाळ्यात घसा बसून घरी गेला होता आणि त्याच्या जागी आदेलाइदा गिक नावाची विधवा आली होती. त्या वेळी ती फिगेरेस शहरातली बातमी वाचत होती. बाजारातून सुटलेलं एक डुक्कर थेट न्यायाधीशांच्या घरात शिरलं होतं आणि जिन्यावरून खाली यायला तयार नव्हतं. तिने आवाज चढवला नव्हता की गंमत म्हणून काही भर घातली नव्हती. न्यायाधीशांबद्दल जितक्या आदराने वाचावं तितक्याच आदराने ती डुकराबद्दल वाचत होती, आणि खाली दीडदोनशे माणसं पोट धरून हसत होती.

“ऐकतोयस ना?” म्हाताऱ्याने विचारलं.

“हो,” एउदाल्द म्हणाला. “पुढे डुक्कर कुठे गेलं?”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे निरखून बघितलं आणि घोंगडी नीट केली.

खाली उतरल्यावर एउदाल्द सरळ दाराकडे जायच्या ऐवजी स्टुलापाशी गेला. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची बाई, केसांत बुचाचा भुसा, नाकावर घसरलेला चष्मा.

“तुम्ही ते मेस्त्रे ना, रडवणारे उस्ताद?” ती म्हणाली. “माझ्या आत्याच्या मिस्सेला तुमचं वाजवलं होतं. आत्या मला मुळीच आवडायची नाही, तरी मी ढसाढसा रडले. मला तर तो सरळसरळ अन्याय वाटला.”

“माफ करा,” एउदाल्द म्हणाला. तो लालेलाल झाला.

त्या दिवसापासून त्याला कारखान्यात कामं निघू लागली. आज अंगणात आवाज घुमतो कसा ते बघायचं असायचं, उद्या म्हाताऱ्याला लॅटिनमधलं काही विचारायचं असायचं, परवा विसरलेली छत्री आणायची असायची, आणि त्रामुंतानात छत्री कोणी घेऊन निघत नाही हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तेक्लाच्या लक्षात आधी आली ती शीळ. त्रेपन्न वर्षांत भावाने कधी शीळ घातली नव्हती. मग त्याने कॉफीच्या भांड्यात साखरेऐवजी मीठ टाकलं, स्वतः घोट घेतला आणि “आज छान झालीय” म्हणाला. तेक्लाने आपला कप गुपचूप मोरीत ओतला.

रेक्विएम मात्र चालेना. म्हणजे चालायचं, तीच पंचाईत होती. तो सुरुवात करायचा ती ठाकठीक, काळ्या कपड्यातल्या मिरवणुकीसारखी. आठ-दहा ओळी गेल्या की खालच्या स्वरांमध्ये काहीतरी हुळहुळायचं, मग बेटं उडीच मारायचं. सगळ्यांत वाईट दशा झाली ‘कोपाचा दिवस’ या भागाची. जगाचा अंत, आकाश फाटतंय, मेलेले थडग्यांतून उठताहेत, आणि खालून अगदी निर्लज्जपणे सार्दानाचा, म्हणजे हात धरून गोलात नाचायच्या गावच्या नाचाचा ठेका. एउदाल्दने लय निम्म्यावर आणून बघितली. मग ते जाडजूड माणूस उतारावरून हळू चालायचा प्रयत्न करतो तसं वाटायला लागलं.

“अरे, रेक्विएमच लिहितोयस ना?” तेक्लाने दार उघडून विचारलं.

“का?”

“काही नाही. मी पाव कापत होते, तर सुरी आपली तालात चालायला लागली.”

शेवटी तो मनावर दगड ठेवून कब्रस्तानात गेला. तिथे तरी दुःख होईल अशी आशा. वारा असा होता की सरूची झाडं जमिनीला लागत होती. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि डोक्यावरची टोपी जी उडाली ती थडग्यांवरून, क्रुसांवरून टप्पे घेत पळत सुटली. एउदाल्द तिच्यामागे. संतांची माफी मागत, फुलदाण्या ओलांडत, जिच्यात शवपेट्या ठेवायचे कोनाडे बाल्कन्यांसारखे एकावर एक असतात अशा उंच भिंतीपाशी पोचला तेव्हा टोपी सगळ्यांत वरच्या एका रिकाम्या कोनाड्यात जाऊन बसली होती. आणि खाली बादली घेऊन आदेलाइदा उभी होती.

नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याची, फेर्रिओलची पाटी ती पुसत होती. पुसता पुसता त्याला आठवड्याच्या बातम्याही सांगत होती.

“थांबा, शिडी आहे तिकडे,” ती म्हणाली.

तिने शिडी धरली, तो चढला. वर वारा कोटाचं शीड करत होता. टोपी अगदी आतपर्यंत गेलेली, म्हणून त्याला कमरेपर्यंत कोनाड्यात शिरावं लागलं.

“मेस्त्रे, फार वेळ थांबू नका,” खालून आवाज आला. “ती जागा कोणीतरी आधीच घेऊन ठेवलीय.”

एउदाल्दला आत, त्या थंडगार अंधारात, हसू फुटलं. ते कोनाड्यात असं घुमलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. हसताना त्याचे पाय थरथरू लागले, पाय थरथरले तशी शिडी डुगडुगू लागली, शिडी डुगडुगली तशी आदेलाइदाही हसत सुटली, आणि ती हसते म्हणून शिडी आणखीच हलायला लागली. कसाबसा तो खाली आला. दोघं भिंतीला टेकून, श्वास लागेपर्यंत हसली. फेर्रिओलच्या पाटीकडे बघून तिने डोळे पुसले.

“चालेल त्याला,” ती म्हणाली. “तो होता तेव्हाही घरात मीच बोलायचे.”

घरी येऊन एउदाल्दने टोपी न काढता पियानोपाशी बसून ‘कोपाचा दिवस’ सरळ लिहून काढला. जसा येत होता तसा. मग पुढचं, मग त्याच्याही पुढचं. सूप थिजलं. लेखणीतून शाई उडून शर्टावर पडली. पहाटे तेक्ला उठली तेव्हा तो स्वयंपाकघरात उभ्याने पावावर टोमॅटो चोळून खात होता आणि चेहरा असा, जसा कोणी जत्रेत पाळण्यातून नुकताच उतरलाय.

तालमी मजुरांच्या कॅफेत सुरू झाल्या. बुचं कापणारे पुरुष खर्जात, निवडणाऱ्या बाया वरच्या सुरात, आणि खालच्या सुराच्या बायकांमध्ये आदेलाइदा. लॅटिन उच्चारांवर नजर ठेवायला पाद्री, मोसेन इस्क्ले, कोपऱ्यात बसले होते. अंत्यविधीला गातात ते कसं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मंडळी आधी लांब चेहरे करून आली. पहिल्या पानावर ते टिकले. तिसऱ्या पानापासून टाचा वर-खाली व्हायला लागल्या. ‘कोपाचा दिवस’ आला तेव्हा खर्जातल्या पुरुषांनी नकळत एकमेकांचे हात धरले होते.

मोसेन इस्क्ले उठले. “मेस्त्रे, क्षणभर. या भागात जग जळून राख होतं, बरोबर?”

“बरोबर, मोसेन.”

“मग ती राख उड्या का मारतेय?”

एउदाल्दने खिडकीकडे बघितलं. “वारा आहे, मोसेन.”

बायकांमध्ये खसखस पिकली. मोसेन परत जाऊन बसले. पण झग्याच्या खालून त्यांचा उजवा बूट ठेका धरत होता, आणि ते बुटाकडे असे रोखून बघत होते की जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

गावभर बातमी झाली. म्हाताऱ्याच्या कानावर फक्त एवढंच गेलं की काम झालंय. एउदाल्दने अजून थोडा वेळ मागितला. त्याला खरोखर भीती वाटत होती. आजारी माणूस, एवढी एकच इच्छा, आणि आपण त्याच्या पुढ्यात काय वाढून ठेवणार होतो. तीनदा त्याने नव्याने, दुःखी म्हणून काही लिहायला घेतलं. तिन्ही वेळा ते हसत परत आलं.

“ईस्टरनंतरचा पहिला रविवार,” म्हातारा म्हणाला. “कारखान्याच्या अंगणात. तोवर मी मरत नाही, त्यापुढचं सांगता येणार नाही.”

त्या रविवारी अख्खं सुरेदा लोटलं. सालींच्या गंज्यांवर माणसं चढून बसली. शेजारच्या गावातून तंतुवाद्यवाले आले होते, आणि सार्दाना वाजवणारी गावची कोब्ला होतीच. तिच्यात तेनोरा, आपल्या सनईच्या जातीचं वाद्य पण दुप्पट घशाचं, ते वाजवणारे दोघे पहिल्या रांगेत. मधोमध खुर्चीत बाल्दिरी शिफ्रो, शेजारी डॉक्टर, मांडीवर बडीशेप घातलेल्या गोड वड्यांची थाळी. ‘ऐकताना काहीतरी तोंडात पाहिजे’ म्हणून त्याने ती मुद्दाम मागवली होती.

एउदाल्दने छडी उचलली.

पहिला भाग झाला, म्हाताऱ्याने एक वडी खाल्ली. दुसरा भाग सुरू झाला, त्याचं चघळणं थांबलं. ‘कोपाचा दिवस’ आला. तेनोरा अशा किंचाळल्या की गंजीवरची दोन कबुतरं उडाली. दीडशे गळे एकदम उसळले, गंज्यांवरचे लोंबते पाय हलायला लागले, आणि म्हाताऱ्याने काठी उचलून खाडकन जमिनीवर आपटली.

“थांबवा.”

सगळं थांबलं. एका तेनोरातून उरलेली हवा ‘फुस्स’ करून बाहेर आली.

“एउदाल्द, इकडे ये.”

तो गेला. खुर्चीपुढे उभा राहिला, शाळेत राहतात तसा.

“हा माल मी मागितला नव्हता.”

“नाही, सेन्योर.”

“बूच नाकाशी धरून मी सांगतो, कुठल्या डोंगराचं. मला फसवता येत नाही. हे मरणाचं नाही. हे लग्नाचं आहे.” म्हाताऱ्याने काठीचं टोक त्याच्या छातीला लावलं. “मला एवढंच सांग, कोणाच्या?”

एउदाल्दने खोटं बोलायचा विचार केला, पण खोटंही सुचेना.

“माझ्या,” तो म्हणाला. “पण तिला अजून ठाऊक नाही.”

खालच्या सुराच्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी मान वळवून आदेलाइदाकडे बघितलं. तिने चष्मा काढला, पदरासारख्या शालीने सावकाश पुसला, पुन्हा नाकावर ठेवला.

“तिला ठाऊक आहे,” ती म्हणाली. वाचताना असायचा तोच आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ. “कब्रस्तानातल्या दिवसापासून ठाऊक आहे. मेस्त्रे कधी तोंडाने बोलतात की नुसतेच कागदावर लिहीत बसतात, तेवढंच बघायचं होतं.”

“मग?” म्हातारा म्हणाला. “तुझं काय म्हणणं, बाई? हो की नाही? मला फार वेळ नाही.”

“हो,” आदेलाइदा म्हणाली. “पण छत्री विसरायचं बंद करावं लागेल.”

“देवा रे, सुटले,” गर्दीतून तेक्ला म्हणाली. “फेब्रुवारीपासून मिठाची कॉफी ओततेय मोरीत.”

मग जो हशा उसळला त्याने खरंच गंज्या हलल्या. डॉक्टरने घाबरून म्हाताऱ्याची नाडी धरली, कारण म्हातारा मागे मान टाकून, तोंडातल्या वडीसकट, आवाज न करता हसत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नाडी उत्तम होती. डॉक्टरने दोनदा तपासली.

“आता बसलात काय,” दम आल्यावर म्हातारा वाजवणाऱ्यांवर खेकसला. “उरलेलं वाजवा. एवढ्या वाऱ्यात मला बाहेर काढलंत ते काय उगाच?”

उरलेलं वाजलं. मधे कोणीतरी गंजीवरून खाली उडी मारली, कोणीतरी हात धरले, आणि अंगणात एकात एक अशी तीन कडी फिरू लागली. एउदाल्दने आयुष्यात चाळीसेक सार्दाना लिहिल्या होत्या, नाचली एकही नव्हती. आदेलाइदाने त्याला कड्यात ओढलं तेव्हा कोब्ला छडीवाचून वाजवू लागली आणि जास्तच चांगली वाजवू लागली. त्याचा डावा पाय उजवीकडे जात होता, उजवा कुठेच जात नव्हता. शेजारच्या खर्जवाल्याच्या नडगीवर त्याची लाथ बसली. आदेलाइदा वाकून वाकून हसत होती आणि त्याचा हात मात्र सोडत नव्हती. त्याला वाटलं, आपण आता पडणार. पडलो तरी चालेल, असंही वाटलं.

मे महिन्यात लग्न झालं. मोसेन इस्क्लेंनी एकच अट घातली: त्या संगीतातला एकही स्वर चर्चच्या आत नको. “दाराबाहेर काय वाजतं ते देव बघेल,” असं म्हणून त्यांनी लग्न चांगलंच घाईने उरकलं आणि सगळ्यांत आधी बाहेर येऊन उभे राहिले. बार्सिलोनाच्या एका वर्तमानपत्राने लिहिलं की मेस्त्रे सार्केयांचं गांभीर्य हरपलं आहे, ही कलेची हानी आहे. आदेलाइदाने ते स्टुलावरून शब्द न शब्द वाचून दाखवलं. लोकांनी ‘पुन्हा एकदा’ म्हणून तीनदा वाचायला लावलं.

उन्हाळा आला, गेला. बाल्दिरी शिफ्रो कुठेच गेला नाही. डॉक्टर म्हणायचा, हे वैद्यकशास्त्रात बसत नाही. म्हातारा चौकापलीकडच्या आपल्या घरातून दर रविवारी सार्केयांकडे जेवायला येऊ लागला, भात दोनदा वाढून घेऊ लागला, आणि जेवण झालं की विचारायचा, “माझं कुठवर आलं?”

“सुचत नाही हो, सेन्योर शिफ्रो,” एउदाल्द म्हणायचा. ते खरंच होतं. तो लिहीत होता वेड्यासारखा. लहान मुलांसाठी गाणी, तेनोरा आणि पियानो यांचं भांडण, गाढवाच्या चालीवर बसवलेलं एक चौघांचं वादन. पण दुःखाचं एक पान निघेल तर शपथ.

नोव्हेंबरात मात्र दोघांचं पहिलं भांडण झालं. कारण क्षुल्लक. एउदाल्द म्हणाला, सकाळी तू घरात मोठ्याने वाचतेस, त्याने माझ्या डोक्यातलं पळून जातं. ती म्हणाली, बरं. आणि त्यानंतर ती बोललीच नाही. दुपारी नाही, जेवताना नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. घर असं झालं की त्यात घड्याळ होतं हे पहिल्यांदा कळलं. माफी मागायला तो तिच्यापर्यंत जायचा आणि मीठ मागून परत यायचा. शेवटी एउदाल्द पियानोपाशी गेला आणि त्याच्या बोटांतून जे निघायला लागलं ते ऐकून जिन्यावर भाज्या निवडणारी तेक्ला गदगदून रडायला लागली. या वेळी तर त्याचेही डोळे भरून आले होते, आणि स्वरलिपीवर टपटप थेंब पडून शाई पसरत होती.

खिडकी उघडी होती. चौकापलीकडे बाल्दिरी शिफ्रोचा सुपाचा चमचा हातातच राहिला. पाचव्या मिनिटाला तो सपाता घालून, काठी टेकत, जिना चढून वर आला होता.

“कोण गेलं?”

“कोणी नाही,” एउदाल्द नाक पुसत म्हणाला. “ही बोलत नाही.”

म्हाताऱ्याने पियानोवरची ओली पानं उचलली, लांब धरून बघितली आणि दारात उभ्या असलेल्या आदेलाइदाकडे वळला.

“सेन्योरा, याच्याशी आत्ताच्या आत्ता बोला. हा असाच लिहीत राहिला तर आठवड्याभरात माझं रेक्विएम पुरं होईल, आणि मला तर या ख्रिसमसला टर्की खायचीय.”

आदेलाइदाने ओठ आवळले. नाकपुड्या फुलल्या. मग तिचा धीर सुटला आणि ती दाराच्या चौकटीला धरून हसायला लागली. एउदाल्दने पियानोचं झाकण बंद केलं.

“वाच तू,” तो म्हणाला. “सकाळी, संध्याकाळी, हवं तेव्हा वाच. पळून गेलं तर जाऊ दे.”

“तुमचं पान ओलं झालंय,” ती म्हणाली. “शेगडीपाशी वाळत घाला. चांगलं वाटत होतं ते.”

तेक्लाने डोळे पुसत चेस्टनट भाजायला घेतले. म्हातारा शेगडीजवळच्या एकमेव मऊ खुर्चीत बसला, सपातांतले पाय विस्तवाकडे केले आणि गोड वाइनचा पेला भरून घेतला. मग जरा वेळाने त्याने काठीने टेबलावरचं वर्तमानपत्र आदेलाइदाकडे सरकवलं आणि म्हणाला, “पहिल्या पानावरचं राजकारण नको. मागचं काय आहे ते वाचा.”